गवतात पडलेली शिंगं

पूर्वी शोणवती नगरीत अरिंदम नावाचा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व जवळच्या रानात सांबर होऊन जन्मला होता. त्याची शिंगं एवढी रुंद, की झाडीतून जाताना त्याला मान तिरकी करावी लागे.

रानाच्या कडेला शिकार करून जगणाऱ्यांची वस्ती होती. त्यांचा एक नेम होता. घरात मांस शिल्लक असेपर्यंत दुसरा बाण काढायचा नाही, आणि मारलेल्या जनावराचं काही फेकायचं नाही. पोटासाठी मारलं तरी जीव जातोच, ते काही मी नाकारत नाही. पण त्यांना निदान भूक तरी होती.

राजाला भूक नव्हती. त्याला महालाच्या भिंतीवर मुंडकी लावायची होती. मुंडकं न्यायचं आणि धड रानात सडायला टाकायचं. पाहुण्यांनी माना वर करून वाहवा केली की झालं.

एके दिवशी त्याने वस्तीतल्या उंबरी नावाच्या बाईला बोलावलं आणि त्या मोठ्या सांबराचा पाणवठा दाखव म्हणून हुकूम केला. ती नको म्हणाली. तेव्हा त्याने बजावलं, की मग उद्यापासून वस्तीला रान बंद. घरात लेकरं होती. ती मुकाट पुढे चालू लागली.

पाणवठ्यावर सांबर उभं होतं, पण डोकं बोडकं. चैत्र लागला होता आणि शिंगं नुकतीच गळली होती. राजाने एवढी मुंडकी टांगली, पण शिंगं गळतात आणि पुन्हा येतात हे त्याला ठाऊक नव्हतं. जिवंत जनावर त्याने कधी नीट बघितलंच नव्हतं.

"हे बोडकं काय दाखवतेस?" तो म्हणाला. "चल, पलीकडच्या कळपात बघू."

त्या कळपात बोधिसत्त्वाचा मुलगा होता, आणि त्याची शिंगं अजून डोक्यावर होती. गप्प राहिला असता तर बोधिसत्त्व वाचलाच होता. पण तो पाण्यातून पुढे आला.

"महाराज, ज्याला मारायला आलात तो मीच. माझी शिंगं त्या गवतात आहेत. घेऊन जा आणि कळपाला सोडा."

"पडलेली शिंगं कुणीही उचलील. त्यात माझं काय?"

"म्हणजे तुम्हाला शिंगं नकोच होती. 'मी मारलं' असं सांगता यायला हवं होतं."

राजा संतापला. त्याने उंबरीला बाण सोडायला सांगितलं. तिने धनुष्य खांद्यावरून काढलंच नाही.

"तुम्ही काल टाकलेलं धड आम्ही घरी नेलंय, महाराज. ते संपल्याशिवाय मी बाण काढत नाही. संपल्यावर हा समोर आला तर मारीन, खोटं कशाला बोलू? पण भिंतीसाठी नाही."

"हिच्या बाणाची मला भीती वाटते," बोधिसत्त्व म्हणाला, "पण हिचा राग येत नाही. त्याने हिची पोरं जेवतील. तुमच्या बाणाने कोण जेवणार?"

राजा स्वतः गवतात वाकला, शिंगं उचलली आणि खांद्यावर घेऊन परतला. वस्तीचं रान मोकळं राहिलं. भिंतीवरची सगळी मुंडकी उतरली. तिथे फक्त ती शिंगं लागली. पाहुणे विचारायचे, कसं मारलंत? त्याला सांगावं लागे, "मारलं नाही. उचलून आणलं." पहिल्यांदा सांगताना त्याची मान खाली गेली. पुढे पुढे तो मान ताठ ठेवून सांगू लागला.

ही कथा सांगून भगवान बुद्ध म्हणाले, "त्या जन्मीचा राजा आज आनंद आहे, उंबरी ही उत्पलवर्णा, कळपातला मुलगा राहुल, आणि ते सांबर मी होतो."

निसटायची वाट मोकळी असताना दुसऱ्याच्या जिवासाठी खरं बोलून उभं राहायचं, त्याचं नाव करुणा.