एका रुपयात पन्नास पानं

“चोरी! दुसरं काय?” कारभारी त्रिंबकराव भर दरबारात कडाडले. “केरबा मोतद्दार पागेत घोड्यांना खरारा करतो. पगार महिन्याला पाच रुपये. आणि घरी थाट बघा! दारात पडदा, पोरींना सणाला नवे परकर, घरात चाफ्याचा घमघमाट, अन् रोज संध्याकाळी हसण्या-गाण्याचा दंगा! पाच रुपयांत कोण एवढं हसतं, महाराज?”

त्रिंबकरावांचा पगार होता दोनशे आणि त्यांच्या घरी वर्षातून एकदाही कुणी हसत नसे. मग पोटात दुखणारच की हो!

करवंदगडचे मानाजी महाराज म्हणजे हट्टाचं दुसरं नाव. त्यांनी केरबाला बोलावलं. तो बिचारा लटलटा कापत उभा राहिला. पण त्याच्याबरोबर त्याची बायको हौसाही आली होती, आणि ती मुळीच कापत नव्हती.

“पडदा माझ्या जुन्या लुगड्याचा, महाराज,” ती म्हणाली. “त्याच लुगड्याच्या उरल्या काठाचे परकर. चाफा दारचा. आणि हसायला काय, दात घरचेच आहेत!”

दरबार खुदकन हसला. महाराज मात्र हसले नाहीत.

“गोष्टी नकोत! परवा दुपारी आम्ही पन्नास जण तुझ्याकडे जेवायला येऊ. ताटात वीस पदार्थ हवेत. खर्च एक रुपया! उसनं आणायचं नाही, कुणापुढे हात पसरायचा नाही. जमलं तर तू खरी. नाही जमलं, तर केरबाची चाकरी गेली आणि तुम्ही राज्याबाहेर!”

हौसाने जरा विचार केला.

“येताय तर या, महाराज. पण आमच्या आळीत जेवायला येणाऱ्याला आळीची रीत पाळावी लागते.”

“पाळू! पाहुण्याने यजमानाची रीत पाळायची, एवढं आम्हालाही कळतं.”

“दरबारी मंडळीसुद्धा?”

“झाडून सगळी! हा आमचा शब्द!”

घरी येताच केरबाने डोक्याला हात लावला. “अगं, एका रुपयात पन्नास माणसं? तेवढ्यात माझ्या घोड्यांचे हरभरे येत नाहीत! बोचकी बांधायला घे.”

“बोचकी कसली बांधता? आधी मिरच्या निवडा,” हौसा म्हणाली.

रुपयाचे तिने जोंधळे आणले, मिरच्या आणल्या, लसूण आणला आणि चार मुठी शेंगदाणे. पोरींनी पळसाची पानं तोडून पत्रावळी लावल्या. अंगण सारवून झालं, रांगोळी झाली. मग हौसा उठली आणि थेट दवंडीवाल्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावभर डफ वाजला. “ऐका हो ऐका! उद्या दुपारी हौसाच्या अंगणात अंगतपंगत! आळीची रीत अशी, की येणाऱ्याने आपल्या घरचा एक पदार्थ स्वतःच्या हाताने घेऊन यायचा आणि सगळ्यांनी वाटून खायचा! महाराजांनी शब्द दिलाय हो!”

राजवाड्यात महाराज ताडकन उठले. “काय? आम्ही पातेलं घेऊन जायचं?”

“शब्द फिरवा, महाराज!” त्रिंबकराव कुजबुजले.

“करवंदगडचा राजा शब्द फिरवेल? त्यापेक्षा पातेलं उचलेल!”

आणि उचललं की! दुपारच्या उन्हात महाराज बासुंदीचं पातेलं सांभाळत पुढे चालले होते. मागून सेनापती, तलवारीच्या जागी कारल्याच्या भाजीचा डबा घेऊन. राजवैद्यांनी सुंठीची चटणी आणली. त्रिंबकरावांनी आणली लिंबाच्या लोणच्याची वाटी, तीसुद्धा अर्धीच!

हौसाने पदार्थ मोजले. पन्नास! वर तिच्या चुलीवरच्या गरम भाकरी आणि ठेचा.

“नाव घेतल्याशिवाय घास नाही हं!” तिने दटावलं. सेनापतींनी लाजत लाजत बायकोच्या नावाचा उखाणा सुरू केला, तो तिसऱ्या ओळीत विसरले आणि सगळं अंगण हसून लोळलं. महाराजांनी जन्मभर एकट्याने चांदीच्या ताटात निवलेलं अन्न खाल्लं होतं. आज ठेच्याने त्यांच्या नाकातून पाणी वाहत होतं आणि ते चौथी भाकरी मागत होते. फार फार बरं वाटत होतं त्यांना!

जेवणं झाली तसे त्रिंबकराव हात धुऊन पुढे सरसावले. “महाराज, ही हरली! आपलंच अन्न आपण खाल्लं. हिने काय जेवू घातलं?”

महाराज थबकले. “खरंच की! बोल हौसा. बासुंदी आमची, भाजी सेनापतींची. मग जेवण तुझं कसं?”

हौसाने डोक्यावरचा पदर नीट केला.

“महाराज, राजवाड्याचं कोठार कुणाच्या धान्याने भरतं?”

“रयतेच्या.”

“आणि दसऱ्याला त्याच कोठारातून गावजेवण होतं, तेव्हा लोक काय म्हणतात?”

“म्हणतात, महाराजांनी जेवू घातलं!”

“मग आमचंच धान्य आम्ही खाल्लं तरी ते जेवण तुमचं. मग हे जेवण माझं का नाही? आणि महाराज, मी निदान वर पदरचा ठेचा तरी घातला!”

सेनापतींनी कारल्याच्या डब्यात डोकं घातलं. केरबाने डोळे घट्ट मिटले.

आणि महाराज हसले! असे हसले, असे हसले की पागोटं सुटून बासुंदीच्या पातेल्यात पडलं.

“जिंकलीस, हौसा! आम्हाला आमचंच जेवण खाऊ घालून वर आभार मानायला लावलंस!”

त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून तिच्या हातात ठेवला आणि केरबाला तिथल्या तिथे पागेचा मुख्य केलं. मग पातेलं विसळून घेतलं, उरलेला सगळा ठेचा त्यात भरला, आणि त्रिंबकरावांच्या हाती न देता स्वतःच राजवाड्यावर घेऊन गेले.