मालनकाकूंच्या अंगणातला झरा

मालनकाकू बारटक्के पार वैतागल्या होत्या. त्यांच्या अंगणाखालून नगरपालिकेचा पाण्याचा पाइप जातो, तो कुठेतरी फुटला होता. अंगणात चिखल झाला, घराची भिंत खालून भिजून फुगायला लागली, आणि तक्रार करायला जावं तर उत्तर एकच, "बघू."

शेवटी पाणीपुरवठ्याचे धोत्रेसाहेब आले. बुटाला चिखल लागू नये म्हणून ते फाटकातूनच म्हणाले, "बाई, आमची लाइन ठणठणीत आहे. हा जमिनीतला झरा आहे. नशीबवान आहात!"

शेजारीपाजारी गोळा झाले होते. काकूंनी पदर खोचला.

"असं होय! साहेब, गावाला पाणी दिवसाआड येतं, तर हा झराही दिवसाआडच वाहतो. परवा तुमची मोटार जळाली, तर हाही आटला. इतका तुमच्या हुकमातला झरा आहे, तर आत्ता त्याला सांगा की बाबा, थांब!"

शेजारी खो खो हसले. धोत्रेसाहेबांनी फोन काढला आणि खणायला माणसं बोलावली.

काकू मागून ओरडल्या, "आणि झऱ्याच्या मापाचा पाइप घेऊन यायला सांगा!"