बोटाची पाळी

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की ती ज्या राज्यात घडली, त्या राज्याचे नावही आता कुणाला सांगता येत नाही. पण गोष्ट खरी धरून ऐका, लहानांनी ऐका आणि मोठ्यांनी तर कान देऊन ऐका, कारण चीड येण्यासारखे जे काही आहे ते मोठ्यांनीच केलेले आहे.

एका नदीच्या काठी एक गाव होते. गावाजवळ नदी पायी ओलांडता येईल असा एकच उतार होता, वरच्या अंगाला, जांभळीच्या झाडापाशी. खालच्या अंगाला होती एक अरुंद घळ. त्या घळीत एक दरोडेखोर राहायचा. गावकरी त्याला दरोडेखोर म्हणत नसत. धनी म्हणत.

धन्याने गावाला एक रीत लावून दिली होती. डोंगरावरून वाटसरू येताना दिसला की तो शिंग फुंकायचा. शिंग वाजले की ज्या घराची पाळी असेल त्या घरच्या माणसाने नदीवर जाऊन उभे राहायचे. वाटसरू विचारायचा, "उतार कुठं आहे हो?" आणि पाळीवाल्याने बोट दाखवायचे, खाली, घळीकडे. बस्स, एवढेच काम. तिकडे गेलेला वाटसरू परत येत नसे. दुसऱ्या दिवशी त्या घराच्या दारात लुटीतले काहीतरी येऊन पडायचे, कधी बाजरीची गोणी, कधी एखादे धोतर, कधी उपरणे.

कुणी विचारले तर गाव छातीवर हात ठेवून सांगे, "आम्ही कुठं कुणाला लुटलं? आम्ही तर फक्त बोट दाखवलं."

आणि मनाला टोचणी लागू नये म्हणून त्यांनी एक उपायही शोधला होता. संध्याकाळी चावडीवर दुधाचा वाडगा ठेवलेला असे. पाळी करून आलेल्याने आपले बोट त्यात बुडवायचे, की झाले पाप धुऊन! पोरांच्या तोंडाला दूध लागत नव्हते त्या गावात, आणि ही माणसे दुधात बोटे बुडवत होती. मी ही गोष्ट कितीदा तरी सांगितली असेल, पण या वाडग्यापाशी आलो की माझे डोके अजून तापते.

त्या गावात एक सुईण होती. गावातले अर्धे लोक तिच्याच हातावर जन्मलेले. पाळी तिलाही चुकली नव्हती. तीस वर्षे ती बोट दाखवत आली होती. पण तिचे बोट दुधाने निवत नसे. ती स्वतःशीच म्हणायची, "ज्या हातानं मी माणसं जगात आणते, त्याच हातानं माणसं मारते. मग हा हात आहे तरी कुणाचा?"

तिने काय काय करून पाहिले! शपथा घेतल्या, उपास केले. एकदा तर उजवा हात कमरेला घट्ट बांधून ती नदीवर गेली. शिंग वाजले, वाटसरूने विचारले, आणि तिचा डावा हात वर झाला. त्या दिवशी घरी येऊन ती ढसाढसा रडली.

एके दिवशी तिच्याच पाळीला एक तरुण वाटसरू आला. अनवाणी होता आणि एकटाच होता. तो त्या देशाचा राजपुत्र आहे हे कुणाला ठाऊक नव्हते. त्याने विचारले, "बाई, उतार कुठं आहे?"

सुईणीने घळीकडे बोट केले. तो त्या बोटाकडे बघत राहिला.

"हे बोट खरं बोलत नाही," तो शांतपणे म्हणाला. "मला माहीत आहे तिकडं काय आहे ते. तरी मी तिकडंच जाणार. तुमच्या गावानं ज्यांना ज्यांना तिकडं पाठवलं, त्यांच्या मागं कुणीतरी जायला हवं."

आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी सुईणीच्या दारात रक्ताने भिजलेले उपरणे येऊन पडले. तिच्या बोटाची मजुरी! तिने ते उराशी धरले आणि अन्नपाणी सोडून बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गावाचे डोळे विस्फारले. तोच तरुण घळीतून चालत वर येत होता. तळहातांवर जखमा होत्या, पण तो जिवंत होता, आणि आता तो कोण आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती.

तो म्हणाला, "तुमच्या धन्याला मी त्याच्याच घळीत साखळदंडानं बांधलं आहे. त्याची सत्ता संपली. तुमचा मागचा सगळा गुन्हा मी माझ्या अंगावर घेतला. शिंग अजून त्याच्यापाशी आहे, ते तो फुंकत राहील. पण तो हुकूम नाही, नुसता वारा आहे. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा आणि जागचे हलू नका."

सुईण त्याच्या पायांवर पडली. "महाराज, बोट मीच दाखवलं होतं."

"ठाऊक आहे."

"मग हे तोडूनच टाकते."

"तोडू नका," राजपुत्र म्हणाला. "मला द्या. आजपासून हा हात माझा. शिंग वाजेल तेव्हा एवढं आठवा. बांधाबांध करू नका, फक्त माझ्यावर भरवसा ठेवा. मी बळ देईन."

आता तुम्हाला वाटेल, गाव नाचले असेल. पाच-सहा दिवस नाचलेही. मग एका सकाळी शिंग वाजले, आणि हे सगळे मोकळे झालेले लोक कान टवकारून उठले! बांधलेल्या चोराने फुंकर मारली आणि सुटलेली माणसे धावू लागली. याला काय म्हणायचे? गुलामाला बेडी असते, त्याची कीव तरी येते. यांच्या पायात तर काहीच नव्हते.

सगळ्यांत पुढे पाटील होता. कुणीतरी चाचरत म्हटले, "पाटील, राजपुत्र तर नको म्हणाला होता."

पाटील मिशीत हसला. "अरे, तो दयाळू आहे. त्यानं एकदा माफ केलं, पुन्हा करील. आपण जितकं चुकू तितकी त्याची दया मोठी दिसेल. आपण त्याचीच तर कीर्ती वाढवतोय!"

ऐकलेत? ज्याच्या जखमा अजून ओल्या होत्या, त्याच्याच नावाने हा माणूस पुन्हा घळ दाखवायला निघाला होता, आणि वर पुण्याचा आव! चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात तो हाच.

त्या सकाळी पाळी सुईणीची होती. नदीवर एक पोटुशी बाई आणि तिचा नवरा उभे होते. बाईचे दिवस भरत आले होते, ती धापा टाकत होती. नवऱ्याने विचारले, "मावशी, उतार कुठं आहे?"

"दाखव बोट," मागून पाटील म्हणाला.

शिंग पुन्हा वाजले. तीस वर्षांची सवय. सुईणीचा हात उठला, अर्धा वर आलाही. मग ती मोठ्याने बोलली, "हा हात माझा नाही. ज्यानं मला सोडवलं त्याचा आहे. महाराज, तुमचा हात तुम्ही सांभाळा!"

आणि त्याच हाताने तिने त्या पोटुशीचे मनगट धरले. "चल पोरी, उतार वर आहे. नुसती दाखवत नाही, मी पार करून देते."

"धनी गाव जाळील!" पाटील ओरडला.

शिंग वाजत राहिले. सुईण गुडघाभर पाण्यातून चालत राहिली. घळीतून कुणी आले नाही, कुणी येणारच नव्हते. पलीकडच्या काठावर जांभळीच्या सावलीत, तिच्याच हातावर, दुपारी एक मुलगी जन्मली.

दुसऱ्या दिवशी पाटलाने एका कापडवाल्याला घळीकडे बोट दाखवले. सुईण धावत गेली आणि त्याला अर्ध्या वाटेतून परत घेऊन आली. पण पाटलाला आपली मजुरी हवी होती. आता दारात आणून टाकणारा कुणी नव्हता, तेव्हा तो स्वतःच ती आणायला घळीत उतरला. तिने हाका मारल्या. त्याने मागे वळूनही पाहिले नाही.

पुढे लोकांनी जाऊन पाहिले, धन्याची साखळी जेमतेम आठ हात लांब होती. नऊ हातांवर उभा राहिला असता तर पाटलाच्या केसालाही धक्का लागला नसता. पण तो आपल्या पायांनी जवळ गेला आणि जुन्या सवयीने मान वाकवून उभा राहिला. बांधलेल्या लांडग्याच्या तोंडात कुणी मान दिली तर लांडगा काय करील?

तिसऱ्या दिवशी घळीच्या तोंडाशी सापडलेले त्याचे पागोटे कुणीतरी त्याच्याच दारात आणून ठेवले.

तेव्हा कुठे गाव भानावर आले. लोक सुईणीकडे आले. "तुझा हात आता उठत नाही का गं?"

"उठतो की," ती म्हणाली. "शिंग वाजलं की अजून शिरशिरी येते. पण दर वेळी मी तो हात त्याच्या स्वाधीन करते, आणि दर वेळी शिरशिरी जरा कमी होते. मी जोर लावला तेव्हा हरले. त्याच्यावर टेकले तेव्हा उभी राहिले."

चावडीवरचा दुधाचा वाडगा त्या दिवशी तिने उचलला, घासला, आणि ताजे दूध भरून त्या बाळंतिणीला नेऊन दिला. पुढे उताराला त्या गावातले जे कुणी उभे राहत, ते बोट दाखवत नसत. वाटसरूचा हात धरून पाण्यात उतरत.

तात्पर्य: राजपुत्र म्हणजे ख्रिस्त. त्याच्यावर विश्वास ठेवणारा पापाचा गुलाम उरत नाही, आणि ख्रिस्ताची क्षमा पुन्हा पापात शिरण्यासाठी नव्हे, तर आपला हात त्याला देऊन रोज पापापासून दूर चालण्यासाठी असते.