पक्का कच्चा गडी

एका गावात एक भोळा रंगारी होता, नाव सोमा. डोक्याने भोळा, पण त्याचं बोट मात्र मुळीच भोळं नव्हतं. त्याने कॅरमच्या स्ट्रायकरला टिचकी मारली की सोंगटी मुकाट्याने पॉकेटात जायची.

गावच्या मंडळाचा कॅरमबोर्ड सोमाने स्वतः रंगवला होता. दर रविवारी तो बोर्ड जुन्या मऊ धोतराने पुसायचा, आणि कुणी जवळ नसलं की त्याच्याशी थोडं बोलायचासुद्धा. पंचक्रोशीत दरवर्षी कॅरमची स्पर्धा व्हायची. रिवाज असा, की अंतिम सामना हरणाऱ्या गावाने आपला बोर्ड वर्षभरासाठी जिंकणाऱ्या गावाला द्यायचा. त्या नुसत्या विचाराने सोमाच्या घशाखाली घास उतरत नसे.

स्पर्धेत दुबळ्यांवर अन्याय नको म्हणून आधी चाचणी होई. पंच प्रत्येकाचा खेळ बघून पक्का की कच्चा ते ठरवत. कच्च्या गड्याला सामन्याआधीच दहा गुण मिळत. नियम फार चांगला होता. तो आल्यापासून चाचणीच्या दिवशी कुणाचं बोट सुजू लागलं, कुणाला सोंगट्या दिसेनाशा झाल्या. यंदा तर पंचक्रोशीत औषधालाही पक्का गडी उरला नव्हता.

मंडळाचे कप्तान मुरारअण्णा. त्यांनी सोमाला बजावलं, "पंच बघत असले की वाईट खेळायचं."

"बरं अण्णा," सोमा म्हणाला आणि त्याने उपरण्याला एक गाठ मारली.

पंच होते पोस्टमास्तर कानडे. त्यांच्यासमोर सोमाचा स्ट्रायकर दोनदा बोर्डाबाहेर गेला. कानड्यांनी त्याला कच्चा ठरवलं.

मग पहिला सामना आला. तिथेही कानडे बघत बसलेले, म्हणून सोमा वाईट खेळू लागला. मध्येच कानडे चहा घ्यायला बाहेर गेले, तेवढ्यात सोमाने आपल्या सगळ्या सोंगट्या घालून टाकल्या, वर राणीही घेतली. कानडे परत आले. आपल्यामागे झालेला खेळ आपण धरत नाही, असं म्हणून त्यांनी डाव पुन्हा मांडायला लावला. सोमा त्यांच्यासमोर पुन्हा रीतसर हरला. बाकीचे गडी जिंकले म्हणून मंडळ कसंबसं वाचलं.

अण्णांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, "अरे, ते चाचणीपुरतं होतं. आता बोर्डासमोर बसलास की समोर कोण आहे ते बघायचं नाही. धुऊन काढायचं."

"बरं अण्णा," सोमा म्हणाला. दुसरी गाठ.

पुढचे सामने सोमाने एकहाती मारले. कच्च्या गड्याचं नशीब, म्हणून कानड्यांनी ते सोडून दिलं. अण्णा खुशीत होते. त्यातच अण्णांच्या मुलीला बघायला पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या वडिलांना कॅरमचा भारी शौक, म्हणून अण्णांनी सोमाला बोलावून डाव मांडला. सोमा समोर बसला आणि समोर कोण आहे ते त्याने बघितलं नाही. पाहुण्यांना एकही सोंगटी घालता आली नाही. ते बोर्डावरून उठले ते थेट चपला शोधायला लागले. अण्णांनी हातापाया पडून त्यांना थांबवलं तेव्हा कुठे लग्न ठरलं.

पाहुणे गेल्यावर अण्णा म्हणाले, "आपल्या दारी आलेल्या पाहुण्याला जिंकू द्यायचं असतं, शहाण्या."

"बरं अण्णा." तिसरी गाठ.

अंतिम सामना सोमाच्याच गावात ठरला. गाठ नदीपल्याडच्या गावाशी होती. सकाळी अण्णांनी सोमाला शेवटचं सांगितलं, की जिंकल्यावर कुणी कौतुक केलं तर सगळं आपल्याकडे घ्यायचं नाही, मंडळातल्या सगळ्यांची नावं घ्यायची. सोमाने चौथी गाठ मारली.

नदीपल्याडचे लोक आले. त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला. सोमा ते बघत होता.

बाकीचे डाव बरोबरीत सुटले आणि सगळं सोमावर आलं. त्याची एकच सोंगटी उरली होती, तीही पॉकेटच्या तोंडाशी. सोमाने बोर्डाकडे बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. पण पाहुणा तो पाहुणा. त्याने स्ट्रायकर मारला. तो तीन कडांना लागून, कशालाही न शिवता, नेमका पॉकेटात गेला. दर वेळी तो असाच जाऊ लागला. मधूनमधून सोमा पाहुण्याची सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी नेऊन ठेवायचा, पानाचं तबक पुढे सरकवावं तशी. पाहुणा जिंकला. त्याच्या माणसांनी बोर्ड उचलला आणि सोमा उपरण्यात तोंड घालून रडला.

कानडे मात्र जागचे हलले नाहीत. म्हणाले, "इतकं अचूक हरायला पक्का हात लागतो. हा गडी आजपासून पक्का."

सोमाचं रडू जागीच थांबलं. आजवर त्याला कुणी पक्का म्हटलं नव्हतं. त्याने चौथी गाठ चाचपली.

"मास्तर, मी एकटा कसला पक्का? आमचे मुरारअण्णा पक्के, शिवदास पक्का, हणमंता पक्का, वामनमामा पक्के. चाचणीत कसं चुकायचं, त्याची अण्णांनी सगळ्यांकडून आठवडाभर तालीम करून घेतली होती."

कानड्यांनी तिथल्या तिथे अख्ख्या मंडळाला पक्कं ठरवलं. म्हणजे पुढच्या वर्षी साऱ्या पंचक्रोशीला यांनी दहा-दहा गुण द्यायचे. अण्णा मटकन खाली बसले.

सोमा लगबगीने त्यांच्याजवळ आला आणि त्याने काळजीने विचारलं, "अण्णा, कुणाचं नाव राहिलं का?"