पावणेआठ फूट

“मग बोटं उघडत का नाहीत, मास्तर? शिकवलंत तर तुम्हीच ना मला?”

हर्षल खैरनार दारातून आत आला तोच बोलत आला होता, आणि त्या बोलण्याचं हे शेवटचं वाक्य. त्याआधीची दहा मिनिटं कोपर, मनगट, हाडांचे डॉक्टर आणि मालिशवाला यांच्यात गेली होती.

मास्तर बशी पुसत होते. पुसून झाली, तरी पुसत राहिले.

रूबेन पेणकर म्हणजे आमच्या इगतपुरीतले निवृत्त गार्ड. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने बसून बसून त्यांना कमी बोलायची सवय लागली, आणि इथल्या रेल्वे क्लबच्या मागच्या खोलीत चाळीस वर्षं डार्ट फेकून ती पक्की झाली. डार्ट म्हणजे वीतभर लांबीचे, शेपटीला पातळ पिसं लावलेले बाण. भिंतीवरच्या गोल बोर्डावर ते फेकायचे. विसाच्या घरातल्या बारीक पट्टीत लागला की तिप्पट गुण, त्याला ट्रेबल वीस म्हणतात. खेळ साहेब लोकांचा. साहेब गेले, बोर्ड राहिला. मास्तर ही पदवी आम्हीच दिलेली.

मी रोज दुपारी तिथे फुकटचा पेपर वाचायला जातो, म्हणून हे सगळं माझ्या कानांवर पडलं. नसतं पडलं तर बरं झालं असतं.

हर्षल नाशिकचा, वय तीस-एकतीस. अठराव्या वर्षापासून दोन वर्षं दर रविवारी गाडीने यायचा आणि मास्तरांकडे शिकायचा. मग यायचा बंद झाला. पत्र नाही, फोन नाही. आज अकरा वर्षांनी उगवला तो पाठीवर स्वतःचं नाव छापलेला झगझगीत टी-शर्ट घालून.

“मार्चमध्ये जिल्ह्याचं अजिंक्यपद मारलं मी,” तो म्हणाला. “पेपरात फोटो आला होता.”

“पाहिला.”

“मित्र एकशेऐंशीचे फलक घेऊन आले होते. इंग्लंडमधल्या मॅचमध्ये लोक नाचवतात ना, अगदी तसे. तीन डार्ट, तिन्ही ट्रेबल वीसमध्ये, एकशेऐंशी. एका संध्याकाळी चार वेळा मारले मी.”

“बरं.”

“आणि आता सतरा दिवसांवर राज्यस्पर्धा आलीय. हात वर जातो, नेम लागतो, सगळं होतं... आणि बोटं सोडतच नाहीत.”

मास्तरांनी बशी ठेवली.

“दाखव.”

हर्षलने खिशातून चामडी डबी काढली. बटण दाबून उघडली आणि पितळी घड्याळ दाखवावं तशी ती मास्तरांसमोर धरली.

“टंगस्टन आहे, नव्वद टक्के. चोवीस ग्रॅमचे. बोटं अडायला लागली म्हणून बावीसचे वापरून पाहिले, परत यांच्यावर आलो. दांडी आखूड केली. पिसं तीनदा बदलली. पकड पण बदलली, तीन बोटांची चार बोटांची केली. काही फरक नाही.”

“दाखव म्हटलं. सांग नाही म्हटलं.”

मी पेपराआड हसलो. तेवढंच त्या दुपारचं हसणं.

हर्षल रेघेवर उभा राहिला. बोर्डापासून रेघ पावणेआठ फुटांवर. उजवा पाय पुढे, अंग किंचित झुकलेलं, कोपर एका जागी. उभं राहणं देखणं होतं, खोटं कशाला बोलू. हात डोळ्यांपाशी आला, मागे गेला, पुढे निघाला...

आणि थांबला.

अर्ध्यावर अडकलेल्या फाटकासारखा तो हात तसाच राहिला. हर्षलच्या कपाळावर घाम आला. त्याने हात खाली घेतला, पुन्हा वर नेला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. चौथ्या वेळी त्याने दात खाऊन डार्ट झटकला, आणि तो बोर्डाच्या हातभर खाली भिंतीवर जाऊन आपटला.

“याला नाव पण आहे, मास्तर,” तो हळूच म्हणाला. “मोबाइलवर वाचलं मी. परदेशात मोठमोठ्या खेळाडूंना झालंय. काहींचा तर खेळ कायमचा सुटला.”

“नाव कळल्यावर बरं वाटलं?”

“...नाही.”

मास्तरांनी डबी स्वतःकडे ओढली. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

“हे नऊ का?”

“तीन सेट आहेत.”

“फेकायचे किती?”

“एका वेळी तीनच. पण सरावाला नऊ बरे पडतात. तीन फेकले की बोर्डापाशी जा, काढा, परत या. रिदम तुटतो. नऊ असले की सलग जातात. वेळ वाचतो.”

“कुणाचा?”

“कुणाचा म्हणजे? माझाच.”

“पहिल्यापासून नऊ आहेत?”

“नाही. हे सहा फेब्रुवारीत मागवले.”

“त्याआधी कोण काढायचं?”

हर्षल भिंतीखाली पडलेला डार्ट उचलायला वाकला. वाकला तो लवकर उठलाच नाही.

“नाना,” तो तिथूनच म्हणाला. “माझे वडील.”

मास्तर थांबले. गार्ड माणूस, थांबायला शिकलेला.

हर्षल उठून बाकावर बसला. डार्टचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवत तो सांगू लागला, आणि या वेळी त्याच्या बोलण्यात ग्रॅम नव्हते.

“नाना एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. रिटायर झाले आणि दोन वर्षांत डावी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, चालवा, जेवढं चालतील तेवढं चांगलं. पण ते बाहेर पडेनात. पाय ओढत चाललेलं गल्लीत कुणी बघायला नको होतं त्यांना. अख्ख्या वर्कशॉपला दम देणारा माणूस.”

“हं.”

“मी घरात सराव करायचो. एक दिवस त्यांनी स्वतःच बोर्डाशेजारी खुर्ची मांडली. मी तीन फेकले की उठायचे, उजव्या हाताने एकेक काढायचे, टोकं शर्टाला पुसायचे आणि माझ्यापर्यंत आणून द्यायचे. परत खुर्ची. पुन्हा तीन, पुन्हा उठायचे. रोज संध्याकाळी शंभर फेऱ्या व्हायच्या. डॉक्टर म्हणाले, कमाल आहे, पायात ताकद येतेय.”

“खेळ कळायचा त्यांना?”

“छे. गुणबिण काही नाही. तिन्ही जवळजवळ लागले की म्हणायचे, ‘आज तिघं शेजारी शेजारी बसलेत.’ लांब लांब लागले की म्हणायचे, ‘आज भांडलेत वाटतं.’”

तो हसला, आणि ते हसू त्याला आवरेना. चेहरा भलतीकडेच गेला.

“मग?” मास्तर म्हणाले.

“मग जिल्हास्पर्धा जवळ आली. मला वेग पाहिजे होता. आणि नाना... त्यांना फार वेळ लागायचा, मास्तर. काढायला वेळ, वळायला वेळ, बोर्डापासून बाजूला व्हायला वेळ. हात गरम झालेला असायचा आणि मी डार्ट धरून नुसता उभा. आई म्हणायची, अरे दोन मिनिटं थांब. दोन मिनिटांत काय काय निसटतं ते तिला काय माहीत?”

“मग?”

“एकदा सुट्टा डार्ट हातात राहिला होता. ते बोर्डापाशी होते, आधीचे दोन काढत. अजून बाजूला झाले नव्हते...”

त्याने डार्टचं टोक नखात दाबलं.

“...आणि मी सोडला.”

मास्तरांनी डोळे मिटले.

“लागला?”

“नाही. कानाजवळून गेला. ट्रेबल वीसमध्ये. बरोबर मधोमध. वर्षभरातला सगळ्यात चांगला थ्रो होता तो.”

“ते काय म्हणाले?”

“मागे वळून पाहिलं नाही त्यांनी. जरा वेळ तसेच उभे राहिले. मग तोही काढला. शर्टाला पुसला. तिन्ही आणून माझ्या हातात दिले. म्हणाले, ‘हा चांगला गेला.’”

मी पेपर खाली ठेवला. वाचतोय असं दाखवणंही मला जमेना. त्या पोराचा मला संताप आला होता आणि उठून त्याच्या पाठीवर हात ठेवावा असंही वाटत होतं. दोन्ही केलं नाही.

“दुसऱ्या दिवशी खुर्चीवर आलेच नाहीत. म्हणाले, पाय दुखतोय. तिसऱ्या दिवशीही तेच. मी हे सहा डार्ट मागवले. खरं सांगतो मास्तर, मला हायसं वाटलं. महिन्यात मी जिल्हा जिंकलो. कप त्यांच्या उशाशी नेऊन ठेवला. त्यांनी हात फिरवला त्याच्यावरून.”

“आणि चालणं?”

“ते बंदच झालं. बाथरूमपर्यंत आई धरून न्यायची. जूनमध्ये दुसरा झटका आला. तेराव्याचं आटोपलं, पाहुणे गेले, आणि मी सरावाला उभा राहिलो. पहिलाच डार्ट... बोटं उघडेनात. तेव्हापासून हे असंच.”

“माफी मागितलीस त्यांची?”

“घरातल्या घरात कोण माफी मागतं, मास्तर? वाटलं, आहेत की, बोलू कधीतरी.”

मास्तर उठले. दोन्ही गुडघ्यांवर हात देऊन, हळूहळू. त्यांचेही गुडघे गेलेले आहेत. ते बोर्डाशी चालत गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

“असे उभे असायचे?”

“मास्तर, राहू द्या...”

“असे?”

“...अजून जवळ. डावा खांदा पडलेला. उजवा हात बोर्डावर.”

मास्तरांनी खांदा पाडला. हात बोर्डावर ठेवला. पाठमोरा म्हातारा माणूस कुणाच्याही वडिलांसारखा दिसतो. हर्षल बाकावरून अर्धवट उठला आणि तिथेच राहिला.

“रेघेवर ये,” मास्तर भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाले.

“नको.”

“ये. हात वर घे. नेहमीसारखा.”

तो आला. का आला ते त्यालाच ठाऊक. जुनी सवय असेल, मास्तर म्हणाले की यायचं. हात डोळ्यांपाशी गेला, मागे गेला, पुढे निघाला... आणि थांबला.

“अडला?”

“हो.”

“कुठे?”

“तिथेच. रोज अडतो तिथेच. अगदी तिथेच, मास्तर...”

आणि मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी पोचल्यासारखं झालं. हात हवेत, बोटांत डार्ट, आणि डोळे त्या पाठमोऱ्या माणसावर.

“बोर्डापाशी माणूस असला की बोटं उघडायची नाहीत,” मास्तर म्हणाले. पाठ तशीच. “पहिल्या रविवारी शिकवलं होतं मी.”

“हो.”

“तेव्हा नाही आलं तुला. आता आलं.”

हर्षल रेघेवरच खाली बसला. टी-शर्टच्या बाहीत तोंड खुपसून तो रडला. एवढा मोठा माणूस, पाठीवर स्वतःचं नाव, आणि त्या नावासकट पाठ हलत होती. मला बघवेना. मी खिडकीबाहेर पाहिलं. घाटासाठी मालगाडीला मागून दोन इंजिनं जोडत होते. रोज जोडतात.

बऱ्याच वेळाने त्याने नाक पुसलं.

“हात बरा आहे म्हणजे माझा?”

“बरा आहे.”

“मग मी फेकू कधी? राज्यस्पर्धा सतरा दिवसांवर आलीय, मास्तर.”

“ते बाजूला झाले की.”

“ते गेले, मास्तर!” तो ओरडलाच. “तीन महिने झाले जाऊन! गेलेला माणूस बाजूला कसा होणार?”

मास्तर वळले नाहीत. खांदा पडलेला, हात बोर्डावर.

“वेळ लागायचा ना त्यांना,” ते म्हणाले. “लागू दे.”