सोंडभर पाणी

माप म्हणजे मोजण्याचे साधन. ते कोणाच्या अंगचे, हे त्या शब्दात सांगितलेले नसते.

फार पूर्वी, अवर्षणात तळे आटू लागले, तेव्हा राणी हत्तिणीने फर्मान काढले: प्रत्येकाने सोंडेने, सोंडभरच पाणी प्यावे.

सशाची पिले तहानेने व्याकुळ होती. "राणीसाहेब, आम्हांला सोंड नाही," ससा म्हणाला.

"मग तुमच्या वाट्याचे वाचलेच की," राणीसाहेब समाधानाने म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांचे तान्हे पिलू वाकून तोंडानेच पिऊ लागले. सोंडेने पाणी घेणे त्याला अजून जमत नव्हते. पहाऱ्यावरच्या बगळ्याने अदबीने हटकले, "सोंडेने, युवराज." पिलू रडू लागले. फर्मान तिथेच बदलले, आणि ससा पिलांना घेऊन तळ्यावर उतरला.

सशाच्या बोलण्याने राणीला न्याय सुचला, असे लोक सांगतात. ते खरे नव्हे. सशाचे तिने ऐकले होते. कळले मात्र तहान घरात आल्यावर.