बाईंनी वाढलेलं ताट

एका नदीकाठच्या पाठशाळेत सत्यवतीबाई नावाच्या वृद्ध आचार्या दर्शनशास्त्र शिकवीत असत. सारे गाव त्यांना नुसते 'बाई' म्हणे. निरंजन हा त्यांचा ज्येष्ठ शिष्य. त्याच्या स्वतःच्या कानशिलांवर आता पांढरे केस दिसू लागले होते, तरी बाईंसमोर तो अजून मांडी घालून, मान खाली करून बसे.

एके सकाळी न्हाणीघरात पाय घसरून बाई पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शहरात शस्त्रक्रिया झाली. घरी पाठवताना डॉक्टरांनी निरंजनला बजावले, "हाड आम्ही जोडलंय. आता वॉकर धरून यांना रोज चालवा."

पण घरी पहिल्यांदा उभ्या राहताना बाई कण्हल्या आणि निरंजनच्या काळजाचे पाणी झाले. त्याने त्यांना लगेच पुन्हा निजवले. त्यानंतर वॉकर कोपऱ्यातच राहिला. निरंजन त्यांचे अंग पुसे, केस विंचरी, घास भरवी. पोटच्या मुलानेही केली नसती अशी सेवा, असे लोक म्हणत.

पुढे तपासणीत हाड उत्तम जुळल्याचे दिसले. निरंजनने आनंदाने ते साऱ्यांना सांगितले. बाई मात्र दिवसेंदिवस मावळत चालल्या. कोणी शंका विचारली की म्हणत, "निरंजनला विचारा." मग त्यांनी बोलणेच टाकले. जेवणही अर्ध्यावर सुटू लागले. हाड जुळले, तरी आपल्या गुरू हातातून निसटताहेत, हे निरंजनला दिसत होते. कारण मात्र कळत नव्हते.

एके दुपारी त्याने वरणभाताचा घास त्यांच्या ओठांशी नेला. बाईंनी त्याचे मनगट धरले.

"हे ताट स्वयंपाकघरात नेऊन ठेव. शेजारी तुझंही ताट मांड, रिकामं. आणि तो वॉकर इकडे दे."

"बाई, पडाल तुम्ही!"

"पडेन कदाचित. जवळ उभा राहा. पण मी मागितल्याशिवाय हात लावायचा नाही."

निरंजनला हे विपरीत वाटले, पण गुरूंचा शब्द मोडणे त्याला ठाऊक नव्हते.

बाईंनी पाय पलंगावरून खाली सोडले. दोन्ही मुठी वॉकरवर आवळल्या. एकदा उठू पाहिले, पुन्हा बसल्या. कपाळावर घाम आला. निरंजनचे हात आपोआप पुढे झाले. त्याने ते पाठीमागे बांधून घेतले. पुन्हा एकदा त्या कृश देहात कुठून तरी बळ गोळा झाले. मांड्या थरथरल्या, कंबर उचलली गेली, पाठीचा कणा हळूहळू वर आला आणि बाई उभ्या राहिल्या.

निरंजन पाहतच राहिला. तो स्वतः रोज किती वेळा उठत होता! माणसाचे उभे राहणे एवढे प्रचंड असते, हे त्याने जन्मात पाहिले नव्हते. एक पाऊल, मग थांबणे, मग श्वास, मग दुसरे पाऊल. बाई उंबऱ्यापाशी पोचल्या तेव्हा त्याने नकळत हात जोडले होते.

स्वयंपाकघरात बाई ओट्याला टेकल्या, डाव घेतला आणि रिकाम्या ताटात भात वाढला. थोडी शिते जमिनीवर सांडली.

"बैस. जेव."

"हे काय बाई? आजारी तुम्ही, आणि वाढता मला?"

बाई खुर्चीवर टेकल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज पूर्वीसारखा स्थिर होता. "निरंजन, माझं हाड जुळलं ते तुम्ही एक्स-रेमध्ये पाहिलंत. पण माझा दिवस मोडलेलाच राहिला. सकाळी उठून केस कुणी विंचरायचे, पाणी कधी प्यायचं, समोरच्याला जेवू कुणी घालायचं, हे सगळं माझ्याकडून गेलं. तू ते प्रेमानं नेलंस, म्हणून मला रागावताही येईना. मी पूर्वीसारखी चालणार नाही, हे मला कळतं. काही कामांना तुझा हात लागेलच, तेव्हा मी तो मागेन. पण जेवढं मला जमेल, तेवढं माझं मला परत दे. तेवढ्यातच मी जिवंत आहे."

निरंजनने मान खाली घातली. मग त्याने पहिला घास घेतला. बाईंनीही आपले ताट पुढे ओढले आणि ते पूर्ण संपवले.

संध्याकाळी अंगणात जायला पायरी उतरायची होती. बाईंनी हाक मारली, "निरंजन, हात दे रे."

तो आला. त्याने हात पुढे केला आणि तसाच स्थिर धरून ठेवला. त्यावर किती भार टाकायचा, हे बाईंनी ठरवले.

आपल्या घरातल्या कुणाला सांभाळताना आपला हात असा थांबतो का, हे ज्याचे त्याने पाहावे.